बाजीचा स्कॅन अपडेट: टेस्टिस ओके, प्रोस्टेटने घोळ घातलाय

मागे लिहिलं होतं ना, माझ्या कुत्र्याला, बाजीला (कारवान जातीचा, वय ७) दिलेल्या दोन फिमेल पाठोपाठ गाभण राहिल्याच नाहीत आणि मधूनच लघवीच्या जागेतून रक्ताचा थेंब यायला लागला, तर त्याचा स्कॅन (सोनोग्राफी) झाला आणि आता दुसरा पण झालाय.

सगळे म्हणत होते टेस्टिस (वृषण) बघ, टेस्टिस बघ. बघितले. लिनिअर प्रोब (सोनोग्राफीचा सरळ तोंडाचा दांडा), भरपूर जेल, बाजी उभाच आणि मी डोकं धरून. दोन्ही बाजू सेम साइज, आतला पोत एकसारखा राखाडी, आणि प्रोब लांबीत धरला की मधोमध पांढरी रेघ दिसते (मीडियास्टिनम म्हणतात), आडवा केला की तिचाच ठिपका होतो. ही रेघ बाजूला ढकलली गेलेली दिसली तर डॉक्टर आधी गाठ शोधतात, हाताला अजिबात न लागणारी बारकी गाठसुद्धा स्क्रीनवर सापडते. बाजीचं सगळं क्लीन.

भानगड निघाली पोटात. कुत्र्याला माणसासारखे सेमिनल व्हेसिकल (वीर्यातलं पाणी बनवणाऱ्या पिशव्या) नसतातच, सीमेनमधलं (वीर्यातलं) बहुतेक पाणी प्रोस्टेट या ग्रंथीचं असतं, त्यामुळे ती बिघडली की सगळंच बिघडतं. सकाळी लघवीला सोडू नका असं आधीच सांगितलेलं कारण भरलेलं ब्लॅडर स्क्रीनवर काळंभोर दिसतं आणि त्याची मान धरून मागे मागे गेलं की प्रोस्टेट मिळते. कारवानच्या पोटावर चरबीच नाही त्यामुळे इमेज एकदम क्लिअर, लॅब्राडोरवाल्यांनी जळू नये. फुलपाखरासारखे दोन लोब, दोन्ही फुगलेले पण सारखेच, आत बारीक काळे सिस्ट. म्हणजे बीपीएच (प्रोस्टेटची साधी, कॅन्सर नसलेली वाढ), पाच वर्षांवरच्या न खच्ची केलेल्या बहुतेक मेलमध्ये थोडंफार असतंच म्हणे. एकच बाजू वेडीवाकडी वाढलेली किंवा आत कॅल्शियमचे पांढरे ठिपके असते तर कॅन्सरच्या शंकेने डॉक्टरांचा चेहरा वेगळा असता.

फिनास्टेराइड (प्रोस्टेट आकसवणारी गोळी) सुरू केलं. त्याने सीमेनचं पाणी कमी होतं पण स्पर्मच्या क्वालिटीला धक्का लागत नाही, म्हणून स्टडला (ब्रीडिंगच्या मेलला) चालतं. (कुस्करलेली गोळी गरोदर बाईने हाताळायची नसते, सो वहिनीला बाजीच्या औषधाच्या डब्यापासून लांब ठेवलंय.) परवाच्या स्कॅनमध्ये प्रोस्टेट चांगलीच आकसलीय, सिस्ट जेमतेम दिसतात, रक्त बंद. दोन्ही वेळी माप त्याच अँगलने घ्यायला लावलं, नाहीतर तुलनेला काही अर्थ नाही.

बाकी स्कॅनमध्ये स्पर्म दिसत नाहीत हे लक्षात ठेवा, टेस्टिस सुंदर आणि काउंट शून्य असंही होऊ शकतं. कुत्र्यात स्पर्म तयार व्हायलाच साधारण ६२ दिवस लागतात, वर एपिडिडिमिसमधून (टेस्टिसला चिकटलेल्या नळीतून) पुढे सरकायला आणखी दोनेक आठवडे, म्हणून सीमेन टेस्टची घाई करत नाहीये. ती झाली आणि ब्रुसेलाचा (मेटिंगमधून पसरणाऱ्या इन्फेक्शनचा) रिपोर्ट बाजी आणि फिमेल दोघांचाही निगेटिव्ह आला तरच मेटिंग, फिमेलवाले काका रोज फोन करतायत तरी.