कापसाच्या खोलीत स्वस्त प्रीअँपची परीक्षा

आधी निकाल सांगतो. गिटारच्या अँपला माइक लावून रेकॉर्ड करायचं असेल, तर महागड्या प्रीअँपसाठी, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या डब्यासाठी, पैसे साठवत बसू नका. स्वस्तातला पुरतो, कारण अँप मुळातच मोठ्यानं वाजतो.

माझा माइक शुअर एसएम५७. १९६५ पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक माइक ९४ डेसिबलच्या आवाजाला जेमतेम दोन मिलिव्होल्टच्या आतबाहेर सिग्नल देतो. पण अँपच्या जाळीला टेकवला की तिथं आवाज ११० च्या वर सहज जातो. मग प्रीअँपकडून तीस-पस्तीस डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, घेतली की झालं. स्वस्त प्रीअँपमधली सूं-सूं चढते ती गेनचं बटण शेवटाला नेल्यावर, आणि तिथवर आपण जातच नाही. ह्याच माइकवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या म्हटलं तर साठच्या पुढं गेन लागतो. ती सूं-सूं मग प्रत्येक ओवीच्या मागं ऐकू येते. त्या कामाला हा प्रीअँप नको.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळ. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी भीमगीतांचे गिटारचे तुकडे भरायचे होते आणि घरातली एक खोली चांगल्या दराची वाट पाहत असलेल्या कापसानं अर्धी भरलेली होती. त्या खोलीत टाळी वाजवा, जागच्या जागी विरते. रेकॉर्डिंगला याहून चांगली खोली मला तालुक्यात मिळाली नसती. अँप मात्र दाराशी, कापसापासून लांब ठेवला. अँपमधले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तापतात, तिथं खेळ नको.

परीक्षा अशी घेतली: एकच तुकडा लूपर पेडलमध्ये, म्हणजे वाजवलेलं साठवून परत वाजवणाऱ्या पेडलमध्ये, भरला आणि तोच अँपमधून पुन्हा पुन्हा वाजू दिला. हातानं परत वाजवलं तर फरक हाताचा की प्रीअँपचा, हे कळत नाही. माइक स्टँडचे पाय खडूनं आखून घेतले. एकदा इंटरफेसच्या, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याच्या, स्वतःच्या माइक इनपुटमधून घेतलं, एकदा नव्या स्वस्त ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्हच्या) प्रीअँपमधून. प्रीअँपचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटलाच (आधीच वाढवलेल्या सिग्नलच्या इनपुटला) द्या, नाहीतर इंटरफेसचा प्रीअँपही मधे येतो. आणि ऐकण्याआधी दोन्हींची पातळी अगदी सारखी करा. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.

पहिल्या दिवशी घूं असा ५० हर्ट्झचा आवाज येत होता. प्रीअँपची वायर काढली तरी अँपमधून घूं चालूच. शेजारचे भाऊ वायरमन आहेत, त्यांनी मागं जाऊन बघितलं अन् म्हणाले, "बाबू, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाक अगोदर. माती तडकली हाये." आपली काळी माती उन्हाळ्यात वाळते, भेगा पडतात, सळईचा अन् मातीचा संबंधच सुटतो. बादलीभर पाणी ओतलं, जरा वेळानं घूं पुष्कळ उतरली. कुणी घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगेल, ते कधीच ऐकू नका. व्हॉल्व्ह अँपच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात.

आता फरक. स्वच्छ आवाजात दोन्ही रेकॉर्डिंग इतकी जवळची निघाली की डोळे मिटून मला ओळखता येईना. ट्यूब प्रीअँपचा इनपुट चढवून आउटपुट उतरवला, तेव्हा पिकचा (तारा छेडायच्या पट्टीचा) टोकदार ठोका गोल झाला. स्वच्छ कॉर्डवर तो मला फार आवडला. डिस्टॉर्शनवर, म्हणजे फाटलेल्या खरखरीत आवाजावर, तेच केलं तर खालचे सूर चिखल होतात.

पण माइक अँपच्या स्पीकरच्या शंकूच्या मध्यावरून कडेकडं बोटभर सरकवला, तर जेवढा फरक पडला तेवढा त्या दोन प्रीअँपमध्येही नव्हता. मध्यावर आवाज चरचरीत, कडेला भरदार. म्हणून आधी हेडफोन घालून माइक हलवा. पैसे खर्चायचेच असतील तर नवीन अर्थिंगमध्ये घाला. मी पावसाळ्याआधी नवीन सळई, कोळसा आणि मीठ टाकून घेतोय. प्रीअँप ठेवला आहे, भीमगीतांतल्या स्वच्छ कॉर्डसाठी.