स्टेम सेल, फिस्टुला आणि तीन वर्षांनंतरचा प्रश्न

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला, तिच्या भिशीतल्या कुणाच्या तरी भाच्याला म्हणे एका क्लिनिकमध्ये स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन देऊन भगंदर कायमचा बरा केला, तू पण जाऊन ये. मावशीचा जीव तुटतो माझ्यासाठी, म्हणून गेलो. तिथल्या काउन्सेलर बाईंनी पॅकेज सांगितलं, साडेचार लाख, आणि म्हणाल्या की एकदा घेतलं की परत बघायला नको. मी विचारलं तीन वर्षांनी किती पेशंट बरे असतात, तर त्यांनी ब्रोशर पुढे सरकवलं. त्यात हसणाऱ्या माणसांचे फोटो होते, आकडा एकही नव्हता.

मला क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा आजार, होऊन नऊ वर्षं झाली आणि त्यातली सहा फिस्टुलासोबत, म्हणजे भगंदरासोबत काढलीत, गुदद्वाराच्या आतून बाहेर कातडीपर्यंत पडलेली नळी. सीटॉन घातलेला असतो, म्हणजे रबरी दोरा आरपार ओवून गाठ मारलेली, पू साचू नये म्हणून. सिंहगड रोडवरून गाडीने ऑफिसला जाताना प्रत्येक खड्ड्याला ती गाठ नेमकी कळते. बॅगेत गॉजच्या घड्या, एक जास्तीची पँट, आणि संध्याकाळी घरी आलं की आधी कोमट पाण्याच्या टबात वीस मिनिटं, चहा नंतर. हे ज्याला आहे त्याला 'कायमचं' या शब्दाची किती भूक असते ते मला माहितीये, म्हणून हे लिहितोय.

क्रोन्सच्या फिस्टुलासाठी ज्या स्टेम सेलचं सगळ्यात जास्त नाव झालं त्याचं नाव डार्व्हाडस्ट्रोसेल, ब्रँड अॅलोफिसेल. निरोगी दात्याच्या चरबीतून पेशी काढून लॅबमध्ये वाढवायच्या आणि एकाच वेळी १२ कोटी पेशी टोचायच्या, अर्ध्या आतल्या तोंडाभोवती आणि अर्ध्या नळीच्या भिंतीत. त्या पेशींनी तिथली सूज शांत करावी अशी कल्पना. २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २१२ पेशंटचा ट्रायल आला, २४ आठवड्यांनी ५० टक्के बरे, आणि नुसतं सलाईन टोचलेल्यांत ३४ टक्के. बरे म्हणजे काय, तर बोटाने हलकं दाबलं तरी बाहेरच्या तोंडातून काही येत नाही आणि एमआरआयमध्ये २ सेंटिमीटरपेक्षा मोठा पू साचलेला नाही. वर्षाने ५६ आणि ३९ टक्के. मार्च २०१८ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. हे वाचलं तेव्हा मी रात्री दोन वाजता बायकोला उठवून सांगितलं होतं.

मग दोन वर्षांचे आकडे बघितले. त्यात माणसंच ४० उरली होती, पेशीवाले २५ पैकी १४ बरे, सलाईनवाले १५ पैकी ६. टक्केवारीत ५६ आणि ४० दिसतं चांगलं, पण १५ पैकी ६ च्या जागी ८ झाले असते तर चित्र केवढं बदललं असतं! हॉलंडमध्ये लायडनला बोन मॅरोच्या (हाडांतल्या मगजाच्या) पेशींवर छोटा ट्रायल झाला होता, २१ पेशंट. चार वर्षांनी १३ जणांना परत तपासलं, तर मधला ३ कोटी पेशींचा डोस मिळालेले जे चौघे होते त्यांचे सगळे फिस्टुला बंदच होते. खूप छान वाटलं वाचून, पण ते चौघंच.

खरा धक्का त्यानंतर बसला. त्याच अॅलोफिसेलचा मोठा ट्रायल, ५६८ पेशंट, निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. २४ आठवड्यांनी पेशीवाले ४८.८ टक्के आणि सलाईनवाले ४६.३. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने युरोपातून औषध मागे घेतलं.

मी त्या दिवशी खूप खचलो होतो, पण माझ्या सर्जननी एक गोष्ट दाखवली ती मला आजही महत्त्वाची वाटते. सलाईनवाल्यांना नुसतं सलाईन नव्हतं दिलेलं, त्यांचीही नळी खरवडून साफ केलेली, पू काढलेला, सीटॉन काढून आतलं तोंड टाक्यांनी शिवलेलं. तरी ४६ टक्के! म्हणजे नीट एमआरआय, नीट साफसफाई, मन लावून केलेली सर्जरी आणि जोडीला आतड्याच्या सुजेवरचं औषध, यातच खूप काही आहे आणि ते पुण्यात मिळतं.

ज्यांना क्रोन्स नाही, साधा भगंदर आहे, त्यांची गोष्ट वेगळी. क्षारसूत्राबद्दल, म्हणजे नळीत ओवायच्या आयुर्वेदिक औषधी धाग्याबद्दल, आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) १९९१ चा अभ्यास आहे, भरायला ८ आठवडे लागले आणि सर्जरीला ४, पण पुन्हा होण्याचं प्रमाण ४ टक्के आणि सर्जरीत ११. आघाडा, निवडुंगाचा चीक आणि हळदीचे थर दिलेला धागा. क्रोन्सवाल्यांनी मात्र गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये, मूळ आजार आतड्यात आहे.

आणि आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्स स्पष्ट आहेत, रक्ताचे आजार वगैरे सोडले तर स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच, आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. साडेचार लाखांचं पॅकेज यात कुठे बसतं ते त्या क्लिनिकला विचारा.

मावशीला फोन करून नाही म्हणालो, ती थोडी रडली. गुरुवारी एमआरआय आहे, नळीला नवी फांदी नसेल तर सीटॉन काढून आतलं तोंड शिवायचं ठरलंय. तुमच्यापैकी कुणी हे केलं असेल आणि दोन-तीन वर्षं होऊन गेली असतील, तर आता काय परिस्थिती आहे ते कळवा प्लीज, बरं असलं तरी आणि परत झालं असलं तरी.