वारीत पाणी जास्त झालं तेव्हा

पळशाचा मुक्काम हलला तेव्हा अजून उजाडायचं होतं. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून सातपूर, नाशिक करत पळशाला आली होती. आजचा टप्पा मोहदरीचा घाट चढून सिन्नरजवळच्या लोणारवाडीपर्यंत. ज्येष्ठ महिना, पावसाचा पत्ता नाही, आभाळ भरलेलं आणि वारा पडलेला. अशा उकाड्यात घाम सुकत नाही, नुसता निथळतो. आत्याची ही अकरावी वारी, माझी दुसरी. तिचं वय त्रेसष्ट, तरी डोक्यावरची तुळस कोणाला द्यायला तयार नाही. "घाटाच्या पायथ्यापर्यंत मीच घेणार," म्हणाली.

मी घरून निघतानाच ठरवलं होतं, आत्याला ऊन लागू द्यायचं नाही. आदल्या वर्षी आमच्याच दिंडीतले एक आजोबा उन्हाने कोसळले होते, ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं. तहान लागायची वाटच बघायची नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी बाटली तिच्या हातात द्यायची, असा माझा नेम. शिवाय रस्त्यावर पावलापावलाला सेवा. शाळेची पोरं, कारखान्यातली माणसं, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांच्या हातात पाणी. "माउली, घ्या ना," म्हणून पाया पडतात. नाही म्हणणं म्हणजे त्यांची सेवा परत करणं, असं आत्याला वाटायचं. ती प्रत्येकाचं घ्यायची.

पोटात मात्र सकाळचा चहा आणि दोन बिस्किटं. पित्त होतं म्हणून पोह्यांना हात लावला नव्हता.

साडेनऊच्या सुमारास डोकं दुखतंय म्हणाली. मी पाणी दिलं. मळमळतंय म्हणाली. मी लिंबू पिळून, साखर घालून पुन्हा पाणीच दिलं. मीठ माझ्या पिशवीत नव्हतं. सकाळपासून एकदाच लघवीला गेली होती, त्यावरून मी धरून चालले की अंगातलं पाणी आटलंय. मग आणखी एक बाटली. आज तो हिशेब मांडते तेव्हा हात थरथरतो. साडेपाच ते साडेदहा, पाच तासांत साडेसहा लिटर.

घाटाच्या पायथ्याला विसाव्यासाठी थांबलो. तुळस खाली उतरवायला मी तिचा हात धरला आणि तेव्हा बांगड्या दिसल्या. हिरव्या काचेच्या, पहाटे हात वर केला की कोपरापर्यंत घरंगळणाऱ्या. आता त्या मनगटात रुतल्या होत्या, त्यांच्या दोन्ही बाजूंनी मांस फुगून वर आलं होतं. पायातली जोडवी तशीच. मी म्हटलं, "अगं आत्या, हात बघ किती सुजलेत." तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू कोणाची गं?" मग पाण्यासारखी उलटी झाली.

मी पुन्हा बाटली उघडत होते. फिरत्या दवाखान्याच्या गाडीतल्या डॉक्टरबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांनी आत्याच्या कपाळाला हात लावला, जीभ बघितली. अंग तापलेलं नव्हतं, जीभ ओली होती. "ताई, सकाळपासून किती पाणी प्यायल्या? आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत?" गोळ्यांच्या डबीत रक्तदाबाची गोळी होती, थायाझाइड जातीची. ती लघवीवाटे सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, बाहेर टाकते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता एक थेंबही देऊ नका," आणि गाडी काढायला लावली.

रुग्णालयात रक्त तपासलं. सोडियम १२१. असायला हवं १३५ ते १४५.

नंतर मला जे समजावून सांगितलं ते असं. निरोगी मूत्रपिंडं तासाला फार तर ८०० मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर काढू शकतात. पण तासन्‌तास चालणं, दुखणं, मळमळ यांनी शरीरातलं एक संप्रेरक वाढतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं. म्हणजे नेमकी वारीतच ही ताकद घटते. लघवी कमी झाली होती ती त्यामुळे, आणि मी तिचा अर्थ उलटा लावला. घामातून मीठ जात राहतं, वरून नुसतं पाणी ओतलं जातं, रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हात-पाय फुगायला जागा असते. मेंदू कवटीत बंद. डोकेदुखी, उलटी, भ्रम, पुढे झटके आणि बेशुद्धी, हे सगळं त्या दाटीतून येतं. जीवही जातो.

उपचारात नेहमीपेक्षा दाट, तीन टक्के मिठाचं सलाइन लावलं, तेही थोडं थोडं. सोडियम एकदम वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दिवसाला आठ-दहा अंकांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी १२९ झालं. त्या संध्याकाळी तिने मला नावाने हाक मारली आणि विचारलं, "तुळस कोणाकडे आहे?"

हा प्रकार खेळाडूंच्या डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. आपल्या दिंड्यांमध्ये मात्र पाणी कमी पडण्याचीच भीती सांगितली जाते. ती भीती खरीच आहे, ऊन लागून माणसं जातात, म्हणून पाणी तोडा असं मी कोणालाही सांगणार नाही. तहान लागली की प्या, तहान भागली की थांबा, इतकंच. सोबत काहीतरी खारट पोटात जाऊ द्या: खारे शेंगदाणे, लोणचं-भाकरी, मीठ घातलेलं ताक. ओआरएसही बेतानेच. त्याच्या लिटरभर पाण्यात सोडियम त्याच मापाने ७५ असतं, रक्तात १४० च्या आसपास, तेव्हा तेही लिटरमागून लिटर प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळच होणार. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या गोळ्या चालू असतील, तर मिठाचं आणि पाण्याचं दोन्ही निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि डोकं दुखतंय, हात सुजलेत, माणूस असंबद्ध बोलतंय असं दिसलं, तर बाटली खाली ठेवा आणि दवाखान्याची गाडी शोधा.

आत्याची ती वारी तिथेच थांबली. तिची तुळस आमच्या दिंडीतल्या बायकांनी पाळीपाळीने पंढरपूरला नेली. यंदा तिने त्र्यंबकेश्वर ते नाशिक एवढंच चालायचं कबूल केलं. गोळी बदललेली, कमरेला खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. सातपूरच्या अलीकडे एक पोरगा बाटली घेऊन आडवा आला, "आजी, पाणी." आत्या थांबली. तिने बाटली घेतली नाही. उजव्या हाताचा पसा पुढे केला, त्यात त्याने ओतलेलं घोटभर पाणी तीर्थासारखं प्यायली, ओला तळवा डोळ्यांना लावला आणि पुढे निघाली.