तुम्ही विचारलंत म्हणून: रक्तदाब तपासायला सलून कशाला?

अमेरिकेतल्या वंशनिहाय आरोग्य-विषमतेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. डॉक्टर आहेत, दवाखाने आहेत, मग सलूनवाले, चर्च, वस्तीतल्या संस्था यांना मध्ये कशाला घ्यायचं? एखादं तपासणी शिबिर भरवलं की भागत नाही का?

नाही भागत, आणि याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा सलूनमधूनच आलाय. उच्च रक्तदाबाचं प्रमाण तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी आधी डॅलसमधल्या १७ सलूनमध्ये प्रयोग केला. सलूनवाल्याने गिऱ्हाइकाचा रक्तदाब मोजायचा आणि जास्त निघाला तर डॉक्टरकडे जायचा आग्रह धरायचा. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाला. फरक पडला होता, पण बेताचाच. सलूनवाल्याने कितीही जीव तोडून सांगितलं तरी औषध सुरू करणं, ते वाढवणं हे सगळं दवाखान्याच्या हातात राहिलं होतं.

पुढचा प्रयोग लॉस एंजेलिस काउंटीत झाला, तेव्हा नेमकी हीच जागा बुजवली. ५२ सलून आणि ३१९ पुरुष होते. रक्तदाबाचा वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त असलेल्यांनाच घेतलं होतं. काही सलूनमध्ये फक्त सल्ला आणि डॉक्टरकडे जायचा आग्रह. बाकीच्यांत फार्मासिस्ट स्वतः यायचा, डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध लिहून द्यायचा, वाढवायचा आणि रक्तातले क्षारही तपासायचा. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी ९.३ ने उतरला, दुसऱ्याचा २७ ने. १३०/८० च्या खाली आलेले पहिल्या गटात ११.७ टक्के, दुसऱ्यात ६३.६ टक्के. हे २०१८ साली छापून आलं आणि त्यानंतर 'सलूनमध्ये आरोग्य' ही कल्पना भलतीच लोकप्रिय झाली.

गंमत अशी की नक्कल करणारे बहुतेक जण यातला स्वस्त भाग तेवढा उचलतात. यंत्र ठेवतात, पत्रकं ठेवतात, फार्मासिस्ट गाळतात. कारण सरळ आहे: त्याच्या या वेळेचे पैसे विम्यातून सहसा निघत नाहीत. मग उरतो तो डॅलसचाच प्रयोग, तोही बऱ्याचदा सैल हाताने केलेला.

सैल म्हणजे कसा, तर मोजणीपासूनच. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायला हवं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर आणि बोलणं बंद. सलूनमध्ये माणूस गप्प बसेल ही अपेक्षाच जरा धाडसाची! म्हणून कोपऱ्यात साधी, पाठ असलेली वेगळी खुर्ची ठेवावी, आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवू नये. शेजारी अख्खी गल्ली बसलेली असते. पट्टे किमान दोन-तीन मापांचे लागतात. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच वर जातो, निरोगी माणूस डॉक्टरकडे धाडला जातो आणि तो परत आला की सलूनवाल्याचीच पत जाते. ती पत हेच तर या कामाचं भांडवल.

त्या भांडवलाची गरज का पडते? अलाबामा राज्यातल्या टस्कीगीचं उदाहरण सगळे देतात. १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, पेनिसिलिन मिळू लागल्यावरही. पण अविश्वासाचं सगळं खापर इतिहासावर फोडणं सोयीचं आहे, एवढंच म्हणेन. लोकांना गेल्या महिन्यात दवाखान्यात कसं वागवलं गेलं तेही आठवत असतं.

आता पैसा. विद्यापीठ आणि वस्तीतल्या संस्था यांच्या बहुतेक भागीदाऱ्या फुटतात त्या इथे. अनुदान विद्यापीठाच्या नावावर येतं आणि त्यावर विद्यापीठाचा वरखर्चाचा (इमारत, वीज, कार्यालय वगैरेंचा) दर अनेक ठिकाणी ५० टक्क्यांच्या वर असतो. ज्या छोट्या संस्थेने सरकारशी स्वतःचा दर ठरवून घेतलेला नाही, तिला केंद्रीय अनुदानात एक ठरीव दर मिळतो. तो आधी १० टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत झाला. त्यातून पैसे बऱ्याचदा आधी खर्च, मग परतावा या पद्धतीने मिळतात. तीन महिन्यांचे पगार खिशातून भरायची ऐपत वस्तीतल्या संस्थेकडे नसते. करारातच आगाऊ रकमेची सोय लिहून घ्यावी. सलूनवाल्याच्या वेळेचेही पैसे धरावेत. तो खुर्ची रिकामी ठेवून हे करत असतो.

माहितीचंही तसंच. ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या स्थलांतराचाही अभ्यास झाला. २०१० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने (नमुने त्याच्याच संशोधकांनी घेतले होते) सात लाख डॉलरवर तडजोड केली आणि नमुने परत केले. म्हणून नमुने कुठे राहणार, दुसऱ्या कामाला वापरायचे तर कोणाला विचारणार, निष्कर्ष छापण्याआधी वस्तीला कधी दाखवणार, हे पहिल्या नमुन्याआधी कागदावर यायला हवं.

शेवटपर्यंत नेलं की काय होतं ते डेलावेअर राज्यात दिसलं. आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी तिथे परिचारिका-मार्गदर्शक नेमल्या, विमा नसलेल्यांची तपासणी आणि निदान झालं तर उपचार, दोन्हींचा खर्च उचलला, आणि वस्तीतल्या संस्थांमार्फत लोकांपर्यंत पोचले. २००२ ते २००९ मध्ये कृष्णवर्णीयांचं तपासणीचं प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर गेलं, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीला. तेव्हा कुणी भागीदारीचा प्रस्ताव पुढे केला तर आधी अंदाजपत्रक मागा, आणि तपासणीत काही निघालं तर त्यापुढच्या उपचाराची रक्कम कुठल्या ओळीत आहे ते बघा.