दोन छिद्रांचा रंधा

जुन्या हातहत्यारांचे ऑनलाइन लिलाव मी बरीच वर्षे नियमाने पाहतो आहे आणि तरीही फेरफार केलेल्या हत्यारांना मिळणारे भाव पाहून मी अजून चकित होतो. मध्यंतरी एकाच आठवड्यात स्टॅन्ली कंपनीचे ७ क्रमांकाचे दोन रंधे विक्रीला आले. ७ क्रमांक म्हणजे २२ इंच लांबीचा, फळीची कड सरळ करण्यासाठी वापरतात तो रंधा. दोन्हींच्या बिडात पेटंटच्या त्याच तीन तारखा ओतलेल्या होत्या आणि त्यांतली शेवटची १९ एप्रिल १९१० होती, त्यामुळे दोन्ही एकाच काळातले होते यात शंका नाही. पहिल्याचा मूळ काळा थर जागोजाग उडालेला होता, पुढच्या मुठीवर कोणा सुताराने आपली आद्याक्षरे ठोकलेली होती आणि एका बाजूच्या भिंतीला आरपार दोन छिद्रे होती. दुसऱ्याचा जुना थर पार खरवडून त्यावर नवा रंग फवारलेला होता आणि बाजू आरशासारख्या चमकत होत्या. हा दुसरा रंधा पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट भावाला गेला.

फेरफार दोघांतही झाले होते, पण त्यांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्यातला फेरफार कामासाठी केलेला होता आणि तो उघड दिसत होता. दुसऱ्यातला विक्रीसाठी केलेला होता आणि त्याखाली काय दडले आहे ते कळायला मार्ग नव्हता. असाच एक रंगवलेला रंधा मी पूर्वी विकत घेतला होता. रॉकेलच्या फडक्याने पुसताना तोंडापाशी, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पाते बाहेर येते तिथे, रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पितळेची पिवळी रेघ दिसली, जी तोंडाच्या कोपऱ्यापासून भिंतीवर चढत गेली होती. बीड ठिसूळ असते, हातातून पडले की तडकते, आणि अशी तड पितळेने झाळून घेण्यात काहीही गैर नाही. तो रंधा आजही चांगला चालतो. विक्रेत्याने ती दुरुस्ती लपवली, याचेच मला वाईट वाटले.

सुटे भाग बदलण्याचा प्रकार याहून अवघड आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळेची टंचाई होती, म्हणून पाते पुढे-मागे करण्याची चकती कडक रबराची बनवत. अशा रंध्यावर नंतर कोणी पितळी चकती बसवली, तर तो अधिक जुना आणि अधिक मोलाचा भासतो, आणि त्याचे वय सांगणारी एक खूण कायमची नाहीशी होते. तळाला कारखान्यातच खाचा पाडलेले रंधेही मिळत. तशा दुर्मिळ नगाला जास्त भाव येतो म्हणून सपाट तळावर मागाहून यंत्राने खाचा पाडणारे लोकही आहेत.

मग इतका भाव येतो कसा? माझ्या मते याचे बरेचसे कारण लिलावाच्या रीतीत आहे. जिथे आपली कमाल मर्यादा आधीच नोंदवून ठेवता येते, तिथे अखेरचा भाव दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराच्या मर्यादेच्या जेमतेम वर थांबतो. म्हणजे छायाचित्रातल्या चकाकीला भुललेली दोनच माणसे त्या दिवशी हजर असली, तरी भाव कुठल्या कुठे जातो; बाकीच्या सगळ्यांचे मत त्यात उतरतच नाही. शिवाय पडद्यावर चमक दिसते, पण तळ सपाट आहे का, तोंडाची कड शाबूत आहे का, हे दिसत नाही. म्हणून बोली लावण्यापूर्वी मी तळाचे आणि पाते काढल्यावर उघड्या पडणाऱ्या जागेचे छायाचित्र मागतो. ज्याला लपवायचे नसते तो बहुधा ते त्याच दिवशी पाठवतो.

त्या आठवड्यातला पहिला रंधा मी घेतला. संग्राहकांच्या लेखी त्या छिद्रांनी त्याचे मोल संपले होते. छिद्रे कशासाठी, हे मात्र हातात घेताच कळले: फळीची कड काटकोनात राहावी म्हणून तिथे लाकडाची पट्टी आधाराला बसवत असणार. याच कामासाठी स्टॅन्लीने ३८६ क्रमांकाचे वेगळे साधनही विकले होते, पण या सुताराने ते स्वतःच्या हाताने साधले होते. मी सागवानाची एक पट्टी तासून त्याच दोन छिद्रांतून स्क्रूने आवळली आणि एका फळीची कड रंधून तिला काटकोन तपासायचा गुण्या लावला. कुठूनही उजेड दिसला नाही.