खिडकीची कडी

एक खोली, दोन भाऊ, एक खिडकी. थोरल्याला ती उघडी हवी, धाकट्याला बंद. गोष्ट सुरू करायला एवढं भांडवल जवळजवळ पुरतं. जवळजवळ अशासाठी, की अजून दोघांपैकी कुणीही उशी उचलून बाहेर जाऊन झोपू शकतो, आणि ज्याला उठून जाता येतं त्याची गोष्ट फार वेळ टिकत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने आधी दार बंद करावं. बाहेर मुसळधार पाऊस असू दे, बाकीच्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या असू देत, कारण कुठलंही चालेल. पण रात्र तिथेच काढणं दोघांनाही भाग पडलं पाहिजे. खोलीला दुसरी खिडकी असेल तर तीही बुजवून टाकावी. 'मग ती पलीकडची का नाही उघडत?' हा प्रश्न वाचकाच्या मनात एकदा आला, की पुढचं सगळं त्याला ओढूनताणून आणलेलं वाटतं.

संघर्ष म्हटलं की नवख्यांना आदळआपट आठवते. ती त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू. अवघड काम वेगळंच आहे: दोघांचंही बरोबर असलं पाहिजे. थोरल्याला दमा आहे, बंद खोलीत त्याचा जीव घुसमटतो. धाकट्याच्या अंगात ताप आहे, त्याला वारं सोसत नाही. आता वाचकाची पंचाईत झाली, आणि ही पंचाईतच त्याला पान उलटायला लावते. धाकटा नुसता हट्टी रंगवला, तर वाचक पहिल्याच पानावर निकाल देऊन मोकळा होतो. निकाल लागलेला खटला ऐकत कोण बसतं?

मग फेऱ्या. पहिली हातांची: एक उघडतो, दुसरा लावतो, बोलत कुणीच नाही. दुसरी शब्दांची: 'तुझ्या तापाचं कौतुक पुरे.' तिसऱ्या फेरीत जुनं निघतं, वडिलांच्या आजारपणात कोण जवळ होतं आणि कोण नव्हतं, आणि तिथे पोचेपर्यंत खिडकीचा विषय दोघंही विसरलेले असतात. प्रत्येक फेरीत काहीतरी गमावलं गेलं पाहिजे. पहिलीत झोप जाते, दुसरीत अबोला येतो, तिसरीत असं वाक्य सुटतं जे परत घेता येत नाही. हे गमावणं नसेल, तर उघडझाप नऊ वेळा लिहिली तरी चढ येत नाही, नुसता पाळणा हलत राहतो. उलट चूकही तितकीच नेहमीची. पहिल्याच ओळीत कुणीतरी किंचाळतं, आणि पुढच्या किंचाळीला वर जागाच उरत नाही. गोष्ट बाराशे शब्दांची असेल, तर पहिल्या फेरीला तीनेकशे, दुसरीला पाचशेपर्यंत द्यावेत; तिसरी दीडशेत उरकावी. तापलेली माणसं लांब बोलत नाहीत.

एक जागा मात्र कच्च्या खर्ड्यांत हमखास सुटते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात, म्हणजे नाटकावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, नाटकातल्या कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. बरोबर मधली प्राप्त्याशा, म्हणजे हवं ते मिळेलसं वाटू लागणं. आपल्या खोलीत ती दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये बसते. थोरला म्हणतो, 'अर्धी उघडी ठेवू.' धाकटा पांघरूण ओढून घेतो आणि 'बरं' म्हणतो. चार ओळींची शांतता. वाचकाला वाटतं, मिटलं. या चार ओळी नसतील, तर तिसरी फेरी नुसती मोठ्याने बोललेली दुसरी फेरी होते.

आणि पाऊस थांबला, एक पाहुणा निघून गेला, शेजारची खोली रिकामी झाली, असली सुटका देऊ नये. योगायोगाने माणसं अडचणीत आलेली वाचक खपवून घेतो. योगायोगाने सुटलेली त्याला चालत नाहीत.

आता सूर. तीच खिडकी तीन प्रकारे लिहून पाहू.

'थोरल्याने खिडकी उघडली. धाकट्याने लावली. थोरल्याने पुन्हा उघडली.'

'रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी थोरल्या सत्तेने पूर्व सीमेवरची खिडकी काबीज केली. धाकट्या सत्तेने चादरीच्या आडून निषेध नोंदवला.'

'थोरला रोज रात्री खिडकी उघडून ठेवी. धाकटा कुरकुरे, पण त्याचा डोळा लागेपर्यंत वाट पाही आणि मग हलकेच लावून घेई.'

पहिल्यात सांगणारा भिंतीला टेकून उभा आहे. एकही विशेषण नाही, त्यामुळे पुढे काहीही घडू शकतं. दुसऱ्यात क्षुल्लक गोष्टीला युद्धाचं चिलखत चढवलंय, म्हणून हसू येतं. पण हे चिलखत फार वेळ अंगावर ठेवलं, तर वडिलांच्या आजारपणाचा विषय काढायची सोय उरत नाही. तिसऱ्यातली करामत क्रियापदांची. ठेवी, कुरकुरे, पाही, घेई: रीतिभूतकाळ आला की तो काळ सरलाय हे न सांगता कळतं, आणि दोघांपैकी एक जण आता आहे की नाही, अशी शंकाही चाटून जाते. मृत्यूचा शब्द कुठेही नसताना.

मराठीत सुराची सगळ्यात बारीक हत्यारं म्हणजे वाक्याच्या शेपटीला चिकटणारे शब्द. धाकटा उठला. धाकटा उठलाच. उठला एकदाचा. उठला म्हणे. उठला बिचारा. 'च'मध्ये जिद्द आहे. 'एकदाचा'मध्ये सांगणाऱ्याचाच वैताग डोकावतो, 'म्हणे'मध्ये तो हात झटकून मोकळा होतो. 'बिचारा' दिसायला सगळ्यांत निरुपद्रवी आणि वापरायला सगळ्यांत महाग, कारण त्या एका शब्दाने लेखक धाकट्याच्या बिछान्यावर जाऊन बसतो. इतक्या मेहनतीने दोघांचं बरोबर ठरवलं होतं, ते एका शेपटीने गेलं. सूर बिघडला की भाषा बिघडते एवढंच लोकांना वाटतं. खरं तर संघर्षच एका बाजूला कलतो, आणि लेखक मात्र प्रसंग पुरेसा जोरदार नाही म्हणून आणखी आरडाओरडा घालत बसतो.

क्रियापदाचंही तसंच. ओढाताणीत काच गेली असं समजा. 'काच फुटली', 'धाकट्याच्या हातून काच फुटली', 'धाकट्याने काच फोडली'. पहिलं वाक्य धाकट्याच्या तोंडी शोभतं, तिसरं थोरल्याच्या. निवेदनात कुठलं घ्यायचं ते लेखकाने ठरवायचं, आणि तिथेच तो साक्षीदार राहिला की वकील झाला ते कळतं. संवादात तिन्ही वापरावीत. दोघं भाऊ फुटलेल्या काचेबद्दल दोन वेगवेगळी क्रियापदं वापरत राहिले, तर भांडणाचं वर्णन करायची गरजच पडत नाही.

'तो रागाने म्हणाला' हे तर खोडूनच टाकावं. वाक्यात राग असेल तर 'रागाने' फुकट गेलं. नसेल तर ते लिहूनही येणार नाही. जन्मभर 'तू' म्हणणारा थोरला तिसऱ्या फेरीत थांबून म्हणतो, 'तुम्ही म्हणाल तसं.' सख्ख्या भावाला घातलेला हा 'तुम्ही' थपडेपेक्षा जोरात लागतो. त्यापुढे उद्गारचिन्ह ठेवू नये. एक ठेवलं की मन भरत नाही, मग तीन ठेवली जातात.

रशियन कथाकार चेकॉव्हने 1892 साली एका लेखिकेला पत्रातून सल्ला दिला होता: दुर्दैवी माणसांबद्दल लिहून वाचकाला हेलावायचं असेल तर स्वतः जरा थंड व्हा, म्हणजे त्यांच्या दुःखाला मागे पार्श्वभूमी मिळते आणि ते उठून दिसतं. आपल्या खोलीत याचा अर्थ सरळ आहे. तिसऱ्या फेरीत भाऊ जितके तापतील तितकी निवेदनाची वाक्यं आखूड आणि कोरडी होऊ द्यावीत. कोण कुठे बसलं, पांघरूण कुठे पडलं, काचेचे तुकडे कुणी गोळा केले.

सूर एकच ठेवायचा म्हणजे हसायचंच नाही, असं कुणी समजू नये. नाट्यशास्त्रात स्थायी भाव आठ, तर येऊन जाणारे व्यभिचारी भाव तेहेतीस. मुक्काम एकाचा, ये-जा अनेकांची. ऐन तिसऱ्या फेरीत धाकट्याला शिंक आली आणि दोघांनाही हसू फुटलं, तर बिघडत काहीच नाही. ते हसू त्यांचं आहे. त्याच जागी निवेदकाने कोटी केली तर मात्र खोलीत तिसरा माणूस शिरतो, आणि त्याला तिथे कुणी बोलावलेलं नसतं. असा घुसखोर सापडत नसेल तर मजकूर मोठ्याने वाचावा. जिथे आपलाच आवाज उगाच खेळकर किंवा गहिवरलेला होतो, तिथे तो बसलेला असतो.

राहिला शेवट. जिंकलं कोण, हे सांगायची लेखकाला फार घाई असते. ती आवरावी, आणि हातांकडे परत जावं, कारण पहिली फेरी हातांची होती. शब्द संपलेत. तुकडे कोपऱ्यात सारलेत, फुटलेल्या तावदानाला जुनं वर्तमानपत्र लावलंय. पहाटे धाकटा उठून खिडकी उघडतो. थोडा वेळ जातो. थोरला उठतो, धाकट्याच्या कपाळावर हात ठेवून पाहतो, खिडकी लावतो, आणि कडी घालत नाही.