सुटणारा, चिघळणारा, भिजत पडणारा ‘प्रश्न’

संयुक्त महाराष्ट्राच्या काळातील अग्रलेख वाचावेत म्हणून गेले काही महिने मी सवडीने जुन्या मराठी दैनिकांचे बांधीव खंड चाळतो आहे. परंतु वाचता वाचता लक्ष अडकले ते ‘प्रश्न’ या अगदी साध्या शब्दात. ज्याला उत्तर असते तो प्रश्न, असे आपण शाळेत शिकतो. वर्तमानपत्री मराठीतल्या प्रश्नाला मात्र उत्तर क्वचितच मिळते. तो सुटतो, चिघळतो, पेटतो, ऐरणीवर येतो, धसास लागतो, आणि यांतले काहीच घडले नाही तर त्याचे घोंगडे भिजत पडते.

या क्रियापदांची निवड निरागस नसते. ‘सुटणे’ म्हटले की डोळ्यांपुढे गाठ येते, आणि गाठ असेल तर ती सोडवणारा हातही कुठेतरी असणार, म्हणजे वाटाघाटींना वाव आहे. ‘चिघळणे’ हे जखमेचे क्रियापद. ‘प्रश्न चिघळला’ या वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने दोषी कोणीच नसतो, तरी वेळीच मलमपट्टी कोणी केली नाही हे वाचकाला बरोबर कळते. त्यात एक ‘व’ घालून ‘चिघळवला’ केले की लगेच कर्ता शोधावा लागतो, आणि तो दिल्लीत सापडणार की चळवळीच्या व्यासपीठावर, हे पत्र कोणत्या बाजूचे आहे त्यावर ठरते. एका अक्षराने एवढे राजकारण करणारी भाषा मला तरी फार आवडते.

त्याहून गमतीची आहे ती षष्ठी विभक्ती. ‘मुंबईचा प्रश्न’ म्हटले की आज लोकल, पाणी आणि खड्डे आठवतात. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती भाषकांचे एकत्र द्विभाषिक मुंबई राज्य आले. त्या दिवसांत या दोन शब्दांचा अर्थ एकच होता, मुंबई कोणाची? ‘गोव्याचा प्रश्न’ तर एकाच दशकात आतून बदलला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी त्याचा अर्थ पोर्तुगीज राजवट असा होता. ती संपली, पण शब्दप्रयोग राहिला आणि त्यात महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा वाद येऊन बसला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल आणि दोन पाने या चिन्हांमधून निवड करायची होती. फूल विलीनीकरणाचे, पाने केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहण्याची. गोमंतकीयांनी दोन पानांना कौल दिला. वर्तमानपत्री प्रश्नाला शब्दशः उत्तर मिळाल्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

‘सवाल’ हा त्याचा भाऊबंद, पण स्वभावाने तापट. अरबीतून आलेला आणि तमाशाच्या सवाल-जवाबात वाढलेला हा शब्द सभेच्या मैदानातला. ‘जीवनमरणाचा सवाल’ म्हटल्यावर जो आवाज चढतो, तो ‘जीवनमरणाच्या प्रश्ना’त चढत नाही. ‘समस्या’ त्या मानाने फारच सोज्ज्वळ. दिलेल्या ओळीवरून श्लोक पुरा करण्याच्या, म्हणजे समस्यापूर्तीच्या काव्यविनोदातून ती सार्वजनिक जीवनात उतरली आणि ते पांडित्य अजून तिच्या अंगावर आहे. विधिमंडळातला ‘तारांकित प्रश्न’ मात्र खराखुरा प्रश्न, कारण त्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते. अन्नप्रश्नावर तारांकित प्रश्न विचारला गेला, या वाक्यात एकच शब्द दोन अर्थांनी आला आहे, तरी वाचकाला अडखळल्यासारखे होत नाही.

राहता राहिला ‘सीमाप्रश्न’. या शब्दात कोणत्याही गावाचे नाव नाही. सीमा चीनचीही होती आणि १९६२ मध्ये तिथे युद्धही झाले. पण नुसते ‘सीमाप्रश्न’ म्हटले की मराठी वाचक बेळगाव, कारवार, निपाणीलाच जाऊन पोहोचतो. कन्नडमध्ये त्याच गोष्टीला ‘गडी विवाद’ म्हणतात, म्हणजे सीमेचा वाद. या वादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल कर्नाटकाला अखेरचा शब्द वाटतो आणि महाराष्ट्राला तो कधीच मान्य झाला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मराठी दैनिकांत तो आजही ‘प्रश्न’च आहे, आणि त्याच्यापुढचे क्रियापद बहुतेक वेळा ‘प्रलंबित असणे’ हे असते.